बाण

एकतीस वर्षं, अमळनेर तालुक्यातली तीन गावं.
किती बिड्या, किती मीठ, शेवभाजीवर तर्री किती,
कोण कपाशीत राबतो, कोण पारावर बसतो.
शेवटचा रकाना तारखेचा.

पहिल्याच तक्त्यानं मला खिंडीत गाठलं:
बिडी सोडलेले लवकर गेले.

हिलाल कोळ्याची तुळसाबाई दारातच म्हणाली,
“बिडी मीच सोडाले लाई.
मन्हामुळेच गयात का त्या?”

वर्गात मी हे फळ्यावर काढते.
दुखणं आधी, सोडणं नंतर,
बाण उलटा. मुलं माना डोलावतात.
तिच्या ओट्यावर खडू नव्हता.

रात्री उठून बसायचे का?
बसायचे. वारा नाही म्हणायचे.
कधीपासून?
पोळ्यापासून.
आणि बिडी?
ती दिवाळीत...
तिथंच थांबली. बोटांवर महिने मोजले,
पुन्हा मोजले.

दुसरा हिलाल मी कुठून आणणार होते,
त्याच अंगणातला, बिडी ओढत राहिलेला?
जे झालं नाही त्याचंच गणित करत
माझी नोकरी संपत आली.

निघताना तिनं कोनाड्यातला कट्टा दिला,
अकरा वर्षांचा, दोरा तसाच.
माझ्या खणात आहे, शाईच्या बाटलीशेजारी.
कुठल्याच रकान्यात बसत नाही.