मटारचा चौरस

जुलैचे तीन आठवडे कॉलेज रिकामं नसतं.
मोठी मुलं घरी गेली की त्यांच्या खाटांवर
नऊ ते तेरा वर्षांची येतात,
गळ्यात पट्टा, पट्ट्यात नाव,
पाठीवर स्वतःहून मोठी बॅग.
सगळ्या आयोवाला चाळणी लावून निवडलेली,
असं ऑफिसातल्या बाई म्हणतात.
चाळणी हा माझ्या कामातला शब्द,
म्हणून ऐकताना हात थांबला.

मी त्यांना जेवायला घालते.
दोनशे चौदा ट्रे, दिवसातून तीनदा.
थॅडियसला हजारापर्यंतच्या अविभाज्य संख्या पाठ आहेत,
दुधाचा खोका मात्र उघडता येत नाही.
रोज खिडकीशी येतो, मान खाली, खोका पुढे.
मी उघडते, तेवढ्यात तो मला एक आकडा सांगतो,
पैसे दिल्यासारखा.
काल सातशे एकोणीस दिला.

मारिसेला जेवत नाही, विचारते.
सूपचं पातेलं किती लिटरचं?
त्यात मुंग्या किती मावतील?
मुंग्या नसतात आमच्याकडे, मी म्हटलं, तपासणी होते.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मला माझ्या शाळेतल्या उत्तरपत्रिका आठवल्या.

पहिल्या आठवड्यात रडतात.
घराच्या आठवणीनं, असं मला वाटायचं.
रात्रपाळीचा व्हर्लिन म्हणतो, छे,
वर्गात आपल्याआधी दुसऱ्याचा हात वर गेला,
आयुष्यात पहिल्यांदा, म्हणून.
दुसऱ्या आठवड्यात तेच पोरगं
त्याच दुसऱ्याबरोबर, चादरीखाली टॉर्च लावून,
तोंड दाबून खिदळत असतं.

माझा कोल्बी दहा वर्षांचा.
सुट्टीत त्याला सांभाळायला कुणी नाही,
तेव्हा तो मागे, फ्रीजरच्या दाराशी,
उलट्या क्रेटवर बसून कणसं सोलतो.
मार्चमध्ये त्यानंही ती परीक्षा दिली होती,
जिमच्या हॉलमध्ये, उसन्या पेन्सिलीनं.
पत्र आलं. दोन गुण कमी.
पत्र छान होतं, कागद जाड होता.
मी ते फ्रिजवर लावलं नाही.
फेकलंही नाही.

बुधवारी मटार होते.
मटार कुणीच खात नाही, हुशार असो वा नसो.
परत आलेल्या एका ट्रेमध्ये कुणीतरी
कोपऱ्यात एक दाणा ठेवून
त्याला तीन दाण्यांची कड घातली होती,
मग पाचांची, मग सातांची.
चार बाय चार, हिरवा, आखीव.
मी ट्रे तिरपा करणार
तोच कोल्बीनं माझं मनगट धरलं.
बराच वेळ पाहत राहिला. नळ चालू होता, वाफ होती.
मग शेजारच्या ट्रेमधून त्यानं नऊ दाणे वेचले,
गार, सुरकुतलेले,
आणि एकेक करून कडेला लावले.
"पुढं अकरा लागतील," म्हणाला,
आणि ट्रे स्वतःच कचऱ्यात उलटा केला.

ऑफिसात जायला हवं होतं का मी?
ऍप्रन काढून, केस सारखे करून,
सांगायला हवं होतं का, की बाई, मटार…
मटार कुठल्या रकान्यात लिहितात?
गेले नाही. भांडी होती.

शनिवारी गाड्या आल्या, आया आल्या, फोटो झाले.
थॅडियस खिडकीशी आला नाही.
टेबलाशीच खोका फोडला त्यानं, नखांनी,
निम्मं दूध शर्टावर.
माझ्याकडे पाहिलं. आकडा दिला नाही.

घरी जाताना दोन्ही बाजूंना मका,
गाडीच्या छताहून उंच.
"आई, दोन गुण म्हणजे किती?"
मापं मला येतात: कप, चमचा, चिमूट.
चिमूटभर, मी म्हटलं.
"मिठाची का साखरेची?"

पुढं फाटक पडलेलं. मालगाडी.
तो डबे मोजू लागला
आणि मीही, मनातल्या मनात.
त्रेचाळीसला चुकले.