अजून एक घाणा

यंत्र थांबलं तेव्हा नळीत वर
पिवळसर निवळी यायला हवी होती.
आलं ते ताकासारखं पांढरं.
चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं :
कवडू नेवारे, वय त्रेपन्न.
मंगळवारच्या बाजारात आलूबोंड्याची गाडी लावतात,
सिंदेवाहीत सगळे ओळखतात.

"उपाशी आले ना, भाऊ?"
"रातच्यापासून पान्याबिगर काही नाही, मॅडम.
अन् साखर त मी कवाचीच सोडली.
चहा बी फिकाच पेतो."

साखर सोडल्याचं मला जो तो सांगतो,
जशी हजेरी माझ्याकडेच आहे.
तेलाचं कोणी बोलत नाही.
कढईत घटलं की वरून ओततात,
कालचं, परवाचं, मागल्या बाजाराचं.

जठरामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड,
त्यात खसखशीहून बारीक बेटं :
परीक्षेपुरती पाठ केली होती.
आज नळी हातात धरून
मला तिथे चुली दिसल्या, ओळीनं.
साखर येते, म्हणजे गिऱ्हाईक आलं.
पेशी हात चालवते, इन्सुलिन काढते.
मागून स्निग्धाम्ल खांद्यावर थाप मारतं,
"अजून एक घाणा! गर्दी आहे!"
आणि पेशी ऐकते,
खरंच जास्त काढते.
तेल आधी मदत करतं
हे मला वर्गात पटलंच नव्हतं.

पण बाजार उठतो आणि थाप थांबत नाही.
रात्री दोनला, पहाटे, उपाशीपोटीसुद्धा
अजून एक, अजून एक,
आणि आता तेल पेशीच्या आत
थेंब थेंब साचलेलं.
गिऱ्हाईक समोर उभं
अन् हात जागच्या जागी.
काही जणी तर चूल विझवून
कायमच्या निघून जातात.

"काय निंगालं?"
मी नळी उजेडाला धरली.
कुठून सुरू करावं ते कळेना.
तेच बोलले, नळीकडे बघत :
"तेल बी थकते, मॅडम.
थकलं का बोंडा फुगत नाही,
नुसता तेल पेत बसते.
तसंच झालं का आतमंधी?"

चौदा वर्षांच्या नोकरीत
इतकं सरळ मला कोणी समजावलं नव्हतं.
"हो," म्हटलं, "जवळपास तसंच.
डॉक्टरांना भेटा. नमुना पुन्हा लागेल.
मंगळवारी याल?"
"मंगळवारी?"
त्यांनी बाही खाली ओढली, हसले.
"मंगळवारी त बाजार हाय."

ते गेले. चिठ्ठीवर
त्यांच्या अंगठ्याचा गोल डाग.
तेवढ्याच जागी कागद पारदर्शक झाला होता,
खालच्या फळीची एक रेघ
त्यातून स्वच्छ दिसत होती.