विसर्ग

वास्कोच्या बाजारामागल्या गल्लीत
मेस्त कायताननं भरलेले ते चाळीस बिल्ले.
निळी गोलाई, तळाला दोन पांढऱ्या लाटा,
आणि पंख आवळून खाली झेपावणारा पक्षी.
स्क्वाड्रनच्या कागदावर त्याचं नाव होतं कुरर.
मेस्त म्हणाला, ही तर आमच्या खारवीवाड्यावरची घार,
ट्रॉलर लागला की येते,
बांगडा उचलते, पैसे देत नाही.

पक्ष्याखाली फीत, फितीवर ब्रीद:
दूरतो रक्षामः

कायतानला देवनागरी येत नव्हती.
शाळा पोर्तुगीजमधली, प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीतलं.
अक्षरं तो चित्रासारखी भरायचा.
क्ष म्हणजे गुंता झालेला गळ.
शेवटचे दोन ठिपके म्हणजे बटणाची भोकं.
"बटणच ना, मागीर भोकं कित्याक?"
असं म्हणून त्यानं ती गाळली.
मी तेरा वर्षांचा, काजं करायला होतो तिथं.
मला वाचता येत होतं.
पण जेवायची वेळ झाली होती, मी बोललो नाही.

आठवड्यानं लेफ्टनंट चेंगप्पा दाबोळीहून खोकं घेऊन आला.
मोजले तर एकोणचाळीस.
"एकाच्या ओव्हरॉलवर शिवलेला आहे,
तो वर गेलाय. उद्या आणतो."
मेस्त रात्रभर बसला, कंदिलाची काच पुसत.
सोनेरी धाग्याच्या अठ्ठ्याहत्तर गाठी.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.
पाववाला सांगत होता,
बोगमाळ्याच्या समोर पहाटेपासून लाँची फिरतायत.
मेस्तनं दोन गाठींपुरता धागा तोडून
सुईत ओवून ठेवला, भिंतीला टोचून.
कितीतरी दिवस तो तिथंच होता.

पुढं फार वर्षांनी
मुलीच्या संस्कृतच्या बाईंना मी विचारलं,
ते ठिपके गाळले तर काय होतं?
त्या म्हणाल्या, तशी चूक नाही.
रक्षामः, आम्ही राखतो.
रक्षाम, आम्हाला राखता येवो.
एक सांगणं, एक मागणं.
हे कायतानला सांगायचं राहिलं,
तो तोवर सिमितेरीत, फणसाखाली.

आता माझ्याकडे बारा सुयांचं मशीन आहे, कॉम्प्युटरवालं.
बिल्ले अजून येतात, वेगळे पक्षी, वेगळी ब्रीदं.
विसर्ग आला की सुई दोनदा
टक टक करते,
दारावर बोट वाजावं तशी.
मी अजून वर बघतो.