किनार

दर दुसऱ्या मंगळवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी
गेनर शेंटन माझ्यासमोर येऊन बसते.
लाँग्टनच्या या रोजगार कचेरीत
खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळलेल्या,
कुणी उचलून फेकू नये म्हणून.

मी विचारतो, मागच्या आठवड्यात काम केलंत?
अकरा तास.
माझ्या पडद्यावर दोनच रकाने : आहे, नाही.
एक तास केला तरी 'आहे'.
मी 'आहे'वर टिचकी मारतो
आणि देशातली बेकारी
एका बाईने कमी होते.

एकतीस वर्षं ती कपांना सोनेरी किनार ओढायची.
हात हलवायचा नाही, ती सांगते,
श्वास कोपरापर्यंत पोचू द्यायचा नाही,
कुंचला नुसता टेकवायचा.
फिरायचं ते कपाने.
सांगताना हात हवेत धरते
आणि तो खरंच हलत नाही;
माझं टेबल, फाइली, मागची रांग
त्याच्याभोवती फिरू लागल्यासारखी वाटते.

आता गोदामात खोक्यांना स्टिकर लावते.
कराराचं नावच शून्य तासांचा करार.
पहाटे फोन वाजला तर काम,
नाही वाजला तर नाही वाजला.
बूट दाराशीच असतात, नाड्या सैल करून ठेवलेले.

भिंतीवरच्या टीव्हीत
देशाच्या कर्जाचा आकडा सरकत जातो.
किती शून्यं हो ती?
मी मोजायला लागतो, आठव्या-नवव्यापाशी चुकतो.
ती म्हणते, एवढी तर मी
सकाळच्या चहाआधी काढायचे.

आमच्याकडे म्हणतात, ऋण काढून सण करू नये.
हे तिला सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही.
ती विचारेल, कुठला सण?
कोणत्या गल्लीत झाला?
आमच्या दारावरून तर काही गेलं नाही.

माझीही इथली नेमणूक मार्चपर्यंतच आहे.
हे समोरच्याला सांगायचं नसतं.

बातमीदार म्हणतो, वाढ शून्य पूर्णांक एक टक्का,
सावरण्याची चिन्हं.
मी विचारतो (फॉर्मवर नसलेला प्रश्न)
तुम्हाला काय वाटतं?
ती जरा वेळ घेते.
सोनं कपाला लावताना तपकिरी दिसतं,
गढूळ, काकवीसारखं.
नवी पोरगी हमखास विचारायची, हे सोनं?
भट्टीतून बाहेर आल्याशिवाय कळत नाही.
मग?
मग काय. भट्टीत आता लग्नाचे फोटो काढतात.

फोन थरथरतो. उद्या, दोन ते सहा.
तिचा चेहरा उजळत नाही, पडतही नाही,
कोटाची चेन वर जाते फक्त.

उठता उठता माझा रिकामा मग उचलते,
उलटा करून बूड वाचते.
या गावातली माणसं पाहुणी गेली तरी
बशी उलटून बघतात, कुणाच्या हातची म्हणून.
काही न बोलता खाली ठेवते.
दारातून मात्र वळून म्हणते,
हँडल वाकडं आहे हो याचं.

सात महिने चहा पितोय मी त्यातून.
डोळ्यांच्या रेषेत धरून पाहतो.

वाकडंच आहे.