जूनमध्ये ये

इरावती फोनवर म्हणाली, डिसेंबरात येऊ नकोस आई,
बर्गनच्या खाडीत तेव्हा पाहण्याजोगं काही नसतं.
जेलीफिश असतात, पण खडकाला चिकटलेल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या, मुक्या.
थंडी पुरती मुरली की एकावर एक चकत्या धरतात
आणि मार्चअखेर सुटतात एकेक,
उतरंडीवरून झाकणी उचलावी तशा.

मी म्हटलं, मार्चअखेर मला कुठली सवड!
पिंपळगावच्या पॅकहाऊसात तेव्हा
तेरा तास उभी असते मी, कात्री घेऊन,
घडातला सडका मणी शोधत.

मे महिन्यात बशीएवढ्या होतात, ती सांगत राहिली,
जूनला धक्क्यावरून नुसतं वाकलं तरी दिसतात.
ऑगस्टात तांबड्या, केसाळ, त्यांना हात लावायचा नाही.
ऑक्टोबरला लाटा फाडून टाकतात सगळ्यांना,
आपल्याकडे छाटणी असते ना, तेव्हाच.

निफाडला पारा पाचावर आलाय आज.
बागांत शेकोट्या पेटल्यात, धूर खाली बसलाय.
इथं थंडीनं मणी फुगायचे थांबतात,
तिथं म्हणे थंडीवाचून जन्मच नाही.

बागलाणातून अगाप घड आला होता.
रात्री त्यातला एक मणी सोलला,
ट्यूबलाइटसमोर धरला:
आत चार शिरा, बाकी सगळा उजेड.
पेल्यातल्या पाण्यात सोडला.

बुडाला.

पासपोर्टच्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना
अजून कोराच आहे.
आईनं तारीख कधी सांगितलीच नाही,
म्हणायची, कांदे काढत होतो, तेव्हाची तू.