आठ नंबर

छावणीत दुकान आमचं, पप्पांनी घातलेलं.
पाटीवर 'आढाव' लिहिलं नव्हतं,
नुसतं 'चप्पल-बूट, सर्व मापांत'.
गल्ल्यापाशी वेताची खुर्ची होती, चांगली;
तिच्यावर खोकी असायची.
ते बसत वीतभर उंचीच्या स्टुलावर,
गिऱ्हाइकाचं पाऊल मांडीवर घेऊन.

मिलमधून सुटलेली पावलं यायची,
भेगांत कापसाचा भुगा.
हवालदाराची यायची. नवरदेवाची, अत्तर लावलेली.
एका मास्तरीणबाईंची,
करंगळीशेजारी सहावं बोट घेऊन, लाजत.
पप्पा ओल्या फडक्यानं पुसत,
मग आंबा चाचपावा तसं चाचपत:
"इथं दुखतं ना?"
तिथंच दुखत असे.

मी भंवरकुआँला एम.बी.ए. केलं.
म्हणाले, पप्पा, मालकानं मालकासारखं दिसावं.
ते लेस ओवत राहिले. मग म्हणाले,
"आपला तो एक, जेवणावरून उठला,
कमरेला रुमाल बांधला, परातीत पाणी ओतलं.
आणि ते पाय तसबिरीतले गुलाबी नव्हेत बरं का,
शेणाधुळीतून आलेले."
मी म्हणाले, त्यानं दुकान नव्हतं काढलं.
ते हसले. बराच वेळ हसले.

ते गेल्यावर स्टूल माळ्यावर गेलं.
खुर्चीवरची खोकी मी उतरवली.
आता तीन दुकानं, विजयनगरातलं एसी.
पोरांना शिकवते: वाका, हसा, नाव विचारा.
वाकलं की माल जातो.
खोटं नाही हे. आकडे आहेत माझ्याकडे.

मार्चअखेर हिशेब जुळेना. सात जोड कमी.
मी भेरूलालला म्हणाले, सगळ्यांदेखत, पिशवी दाखव.
बावीस वर्षं आमच्याकडे.
त्यानं डबासुद्धा उघडला.
दोन पोळ्या, लसणाची चटणी.
बोलला काही नाही.
झाकण एकदा बसेना, परत लावलं.

बुधवारी सातही जोड सापडले
विजयनगरच्या चलनात, माझ्याच सहीखाली.
पाकिटात पाच हजार घातले मी,
'बोनस' लिहिलं वर.
मग ते खणात टाकून खणाकडे बघत बसले.

गुरुवारी देवळात परात मांडलेली.
पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुणार होते,
बाराही जण घरून साबणानं धुऊन आलेले.
गाणं चालू असतानाच मी उठले.

माळ्यावरनं स्टूल काढलं. पाय डुगडुगत होता त्याचा.
बस, म्हणाले.
"रेन दो दीदी," भेरूलाल म्हणाला,
आणि पाऊल बाकाखाली ओढून घेतलं.
पोरं गठ्ठे बांधायची थांबली.
गिऱ्हाइकापुढे वाकणं म्हणजे काहीच नाही;
गिऱ्हाईक पैसे देतं.
चुकलं माझं, मी म्हणाले, मोठ्यानं,
तर आवाज मध्येच चिरकला
आणि एक पोरगं हसलं. हसू दे.

बूट काढला त्याचा.
आत पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा बोळा.
बूट नऊचा. पट्टीवर पाय भरला आठ.
बुटांच्या दुकानात बावीस वर्षं,
आणि आम्ही त्याला देत आलो दिवाळीला
विकला न गेलेला जोड,
जो उरेल तो, ज्या मापाचा उरेल त्या.
पप्पासुद्धा.
सगळ्या गावाचं कुठं दुखतं ते कळायचं त्यांना.
पुढचा विचार मी तिथंच सोडला.

आठ नंबर आणला. लेस ओवली,
एक भोक चुकलं, पुन्हा ओवली.
तो आरशापर्यंत चालत गेला, परत आला,
टाच दाबून बघितली, जशी दुसऱ्यांची बघतो.
"दो दिन काटेगा," म्हणाला.
नवा आहे, मी म्हणाले.

उठायला गेले तर गुडघा धरला.
त्यानं हात पुढे केला.