प्लस मायनस

मिरजकर तिकटीला, सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर
आठवड्यातनं तीन दिवस मी जातो.
जातोच म्हणतो. आमच्याकडं बायका असंच बोलतात,
आई बोलायची, तिची आई बोलायची.
ट्रेनिंगला पुण्याच्या एक मॅडम हसल्या होत्या यावर,
तेव्हापासनं ट्रेनिंगात मी नुसती मान हलवतो.

इंग्रजीत ती भानगड नाही.
आय वेंट.
कोण गेलं, बाई का बुवा,
वाक्याला पडलेली नाही.

दिवसभर शिरोलीत, फौंड्रीच्या इन्स्पेक्शन टेबलाला.
व्हर्निअर, गेज, लाल रंगाचा डबा.
नापास कास्टिंगवर एक फुली, की ते परत भट्टीत.
दिवाळीनंतर परदेशातनं ऑडिटला माणसं येणार,
साहेब म्हणाले, वैजयंताबाई, चार शब्द शिकून घ्या.
इंगवले सर रोज पाच देतात.
शब्द, अर्थ, आणि स्वतःचं वाक्य.
'स्वतःचं'च्या खाली दोन रेघा.

पहिल्या बाकावरचा इरफान पखाली बँकेच्या परीक्षेला बसलाय.
त्याची वाक्यं चकाचक.
राजा मॅग्नॅनिमस असतो. सूर्योदय इनएव्हिटेबल असतो.
मला राजे सुचत नाहीत.

युबिक्विटस, सगळीकडं असणारा.
काळी वाळू युबिक्विटस आहे,
कानात, जेवणाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात.
सर म्हणाले, छान. फक्त 'द' विसरलात.

ऑब्सोलीट.
नवऱ्याचं लेथ मशीन उद्यमनगरात ऑब्सोलीट झालंय.
तो रोज त्याला तेल घालतो.
सर म्हणाले, ही दोन वाक्यं झाली. एकच पायजे.

मग आला रीलिंक्विश. सोडून देणे, हक्क वगैरे.
पेन लगेच चाललं.
आय रीलिंक्विश्ड माय शेअर इन इलेव्हन मिनिट्स.
करवीरच्या कचेरीत, पंख्याखाली,
भावानं टोपण काढून पेन हातात दिलं होतं.
नंतर बाहेर उसाचा रस, तोही त्यानंच सांगितलेला,
बिनबर्फाचा,
माझा घसा धरतो म्हणून.
रसाचं मी लिहिलं नाही. एकच वाक्य पायजे होतं.
घरात जे कुणी विचारलं नाही
त्याला दहापैकी नऊ मिळाले.

एस्ट्रेंज्ड, दुरावलेला.
आय ॲम एस्ट्रेंज्ड विथ माय ब्रदर.
विथ नाही, फ्रॉम, सर म्हणाले
आणि लाल पेनानं विथ खोडलं.
खोडायलाच पायजे होतं. साडेतीन वर्षं झाली.

टॉलरन्स मात्र मला आधीपासनं येत होता.
सरांनी फळ्यावर लिहिलं, सहनशीलता.
मी म्हटलं, नव्हं सर,
टॉलरन्स म्हणजे किती चुकलं तर चालतंय.
पंचवीसचं भोक, प्लस मायनस दोन शतांश.
तेवढ्यात बसलं तर माल पास.
त्याच्या पल्याड लाल डबा.
सर खडू धरून उभे राहिले जरा वेळ,
मग सहनशीलतेखाली बारीक अक्षरात लिहिलं,
किती चुकलं तर चालतंय.
इरफाननं उतरून घेतलं,
परीक्षेत येणार नाही, तरी.

काल शेवटचा शब्द रीकन्साइल.
इरफान म्हणाला, पासबुक आणि खातं जुळवणे.
सर म्हणाले, तेही. समेटही.
मी आधी विल लिहिलं.
खोडून मे.
तेही खोडून माईट.
फरक काय, विचारलं.
मे म्हणजे शक्यता आहे, सर म्हणाले,
माईट म्हणजे जरा कमी.

जरा म्हणजे किती, सर? आकड्यात सांगा.

माळाभर हसले सगळे. मीही हसलो.
खाली दुकानात कुणीतरी चाकाचा आऊट काढत होतं,
फिरवून बघायचं,
एक तार आवळायची,
परत फिरवायचं.